रिकामी पायरी

अनसिंगच्या भिवाजी सुताराकडे मोडका पलंग, हलणारी खुर्ची असं काहीबाही येतच असे. पण त्या दिवशी वाशीमच्या माणिकराव वकिलांनी टेम्पोतून जे पाठवलं, ते पाहून तो हातातला चहा प्यायचा विसरला. कमरेइतकं उंच, तीन खणांचं कपाट. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इटलीत घडवलेलं. रंगाचा थेंब नाही. नाना छटांचे पातळ लाकडी तुकडे एकमेकांत बसवून समोर अख्खं चित्र साधलं होतं: खांबांची इमारत, उघडं दार, दाराकडे चढणाऱ्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर पाठमोरी उभी एक बाई.

सगळ्यात खालची बाई निखळली होती. तिच्या आकाराचा खळगा तेवढा उरला होता.

भिवाजीने भिंग लावलं. वरच्या बायका अनोळखी लाकडाच्या होत्या. खालच्या दोघींपैकी मात्र एक शिसवाची, एक सागवानाची. म्हणजे आपल्याकडच्या कुणाचा तरी हात आधी लागला होता, आणि काय सुरेख लागला होता! भिवाजीला हेवा वाटला.

"जुनंच लाकूड लावजो," माणिकराव फोनवर म्हणाले. "नवं उठून दिसते."

जुनं, फिकट लाकूड घरात एकच होतं. लग्नात त्याची बायको तुळसाबाई ज्यावर बसली होती, तो शिवणीचा पाट. लग्नातल्या पाटाला सुतार करवत लावत नाही, झिजला तर नदीत सोडतो. त्याच्या बापाने हे जन्मभर पाळलं होतं. पण हौस वाईट. भिवाजीने पाट उलटा केला आणि खालून पातळ पापुद्रा काढला. दिसणार होतं कुणाला?

बाईच्या वस्त्राच्या चुणीला सावली हवी होती. त्यासाठी कढईत वाळू तापवून तुकड्याची कड त्यात खुपसायची, म्हणजे लाकूड हवं तेवढंच करपतं. कड वाळूत गेली आणि आतल्या घरातून तुळसाबाईचा आवाज आला.

"अहो... हात भाजला माहा."

"चुलीपाशी कायले बसली?"

"मी तं देवापाशी बसून राह्यली..."

तेव्हाच त्याला समजायला हवं होतं. समजलंही असेल. पण तुकडा खळग्यात असा बसला की कानसही लावावी लागली नाही, आणि असं काम सुताराच्या हातून जन्मात एकदा होतं. त्याने सरस लावून तो घट्ट दाबून धरला.

संध्याकाळी तुळसाबाई दारात बसली होती, घराकडे पाठ करून.

"इकडं पाह्य न," तो म्हणाला.

"मान वळत नाई हो..."

वाशीमच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी भिवाजीने पटाशी घेतली आणि तुकडा उचकटायला गेला. पहिल्याच ठोक्याला तुळसाबाई अशी किंचाळली की पटाशी गळून पडली. मग तो तिच्या पाठीमागे नुसता बसून राहिला. तिचं तोंड त्याला पुन्हा दिसलं ते ती गेल्यावरच.

मुलगी वैभवी मेडशीहून आली. तिसऱ्या दिवशी भिवाजीने कपाटावरची चादर काढली. तुळसाबाई एक पायरी चढली होती. सगळ्याच चढल्या होत्या, आणि आधी दारापाशी उभी असलेली आता दिसत नव्हती. खालची पायरी पुन्हा रिकामी. खळग्याचा आकार मात्र वेगळा होता. बारीक अंगाचा, पाठीवर लांब वेणी. वैभवीची वेणी कमरेखाली जायची.

"बाबा," वैभवी आतून म्हणाली. तिच्या लग्नातला पाटही याच घरी होता; त्याला भिवाजीने हातही लावला नव्हता. "माह्या पाटाले खालून कोनं तासलं?"

भिवाजी धावत कढईपाशी गेला. सुतक होतं, तीन दिवस घरात काहीच पेटलं नव्हतं. त्याने कढईतल्या वाळूत बोट घातलं, आणि चटका बसून मागे घेतलं.