सातवं रीळ

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे. मामी आजही हयात आहे, तिला कधीही विचारा. फक्त त्या सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. उगाच कोणी शोधायला जाऊ नये.

साल १९७३. नागपूर. मे महिना.

आणि वेळ... भर दुपारची.

लहानूमामा सीताबर्डीवर एका सिनेमा वितरकाकडे फिल्म चेकर होते. टॉकिजांतून परत आलेली रिळं तपासायची, तुटली असतील तर जोडायची, हे त्यांचं काम. टेबलावर दोन चाकांचं रिवाइंडर. हाताने दांडा फिरवायचा आणि बोटांमधून फिल्म सरकू द्यायची. कुठे चिरली आहे ते मामांना डोळे मिटूनही कळायचं.

गोदामात शेवटच्या फळीवर एका जुन्या बोलपटाची अकरा रिळं होती. १९३६ सालचा सिनेमा. गोपाळराव नावाच्या गृहस्थांनी काढलेला. नायिका त्यांचीच बायको, यमुताई. सिनेमा पडला. पुढच्याच वर्षी यमुताई टायफॉइडनं गेल्या. सिनेमाची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

गोपाळराव दर सोमवारी यायचे. सत्तरी उलटलेली, हातात छत्री. मालकांनी, म्हणजे मधुकररावांनी, त्यांना शब्द दिला होता की रिळं साफ करून पुण्याच्या सरकारी संग्रहालयात पाठवू, तिथे नवी प्रत निघेल.

"लहानूजी, कुठवर आलं?" ते विचारायचे.

"सातवं रीळ चालू हाये जी. घाई केली तर फाटते."

खरंच फाटायचं. ती जुनी फिल्म सडते. मामा मला सांगायचे, आधी पिवळा डाग पडतो. मग चिकटपणा येतो. मग फोड येतात, मधासारखा रस सुटतो. मग सगळ्याचा एक गोळा. आणि शेवटी भुकटी. तपकिरी, तपकिरीसारखीच नाकात जाणारी. वास ओल्या मोज्यांचा.

सातवं त्यातल्या त्यात धड होतं, म्हणून मामांनी आधी तेच घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत बसून सहा महिन्यांत ते एक रीळ वाचवलं. एकेक चौकट कापसानं पुसली. त्यात यमुताई विहिरीवरून घागर घेऊन अंगण ओलांडतात, एवढाच प्रसंग होता. मामा म्हणायचे, ती बाई चालायची ना, पाहतच राहावं असं चालायची.

मार्चमध्ये मधुकररावांनी हुकूम सोडला.

"ती रिळं हुडकेश्वरच्या शेतात नेऊन जाळ. ऊन वाढलं की पेट घेतील आणि माझं गोदाम जाईल. राख आण. तिच्यातून चांदी निघते."

"मालक, गोपाळरावांले काय सांगू?"

"पुण्याला गेली म्हण."

हुडकेश्वर तेव्हा साधं खेडं होतं. शेतात खड्डा खणून मामांनी रिळं टाकली. काडी लावताच पांढरा भडका उठला. पाणी मारलं तरी विझेना. एक रीळ आगीत उलगडलं आणि मामांना त्या पट्टीवर यमुताईंचा चेहरा दिसला. एकाखाली एक, शंभर चेहरे.

सगळे एकदम आक्रसले.

खड्ड्यात दहाच रिळं गेली होती. सातवं मामांनी डब्याच्या पिशवीत लपवलं होतं. आणि पुढच्या सोमवारी गोपाळरावांच्या डोळ्यांत बघून ते खोटं बोलले.

महिनाभर ते खोटं चाललं. मग एके दिवशी गोपाळराव थेट गोदामात शिरले. रिकामी फळी पाहिली. मामांनी मान खाली घातली, तेवढ्यावरून म्हातारा समजला.

ते मधुकररावांसमोर जाऊन उभे राहिले. आवाज चढला नाही.

"एकदा ती तापानं गेली. दुसऱ्यांदा तुम्ही नेलीत. आता ती राहील कुठे? तुमच्याकडेच येईल."

आठ दिवसांत गोपाळराव गेले.

मे उजाडला. मधुकररावांच्या मुलीचं लग्न हिवाळ्यात झालं होतं. लग्नाची फिल्म काढली होती, व्याही बघायला येणार होते. म्हणून मालकांनी ती मामांकडे तपासायला दिली.

नवीकोरी फिल्म. न सडणारी, न पेटणारी.

मामांनी भिंग लावलं...

मधुकररावांच्या डाव्या गालावर पिवळा डाग होता.

पुढची चौकट पाहिली. तिथेही. मालक जिथे जिथे होते, तिथे तिथे डाग. शेजारी उभी असलेली मुलगी स्वच्छ. जावई स्वच्छ. मामांनी कापसानं पुसून पाहिलं.

डाग निघाला नाही.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. खिडकीला वाळ्याची ताटी होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मामा बाहेर ओट्यावर डबा खात होते.

आतून आवाज आला.

खर्रर्र... खर्रर्र...

रिवाइंडर.

मामा आत गेले. कोणी नव्हतं. दांडा मात्र सावकाश फिरत होता. फिरता फिरता थांबला. आणि शेवटच्या फळीकडून वास आला... ओल्या मोज्यांचा.

फळी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव गोदामात आले, नेहमीच्या टेरिलीनच्या बुशशर्टात, खिशाला पेन. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातली कात्री खाली ठेवली.

डाव्या गालावर पिवळा डाग. तिथेच. तेवढाच.

"कावीळ दिसते," मालक म्हणाले.

कावीळ नव्हती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही. डाग मानेवर उतरला. आठवड्यात अंग चिकट झालं. वर्तमानपत्र बोटांना चिकटून फाटायचं. उशीवरून डोकं उचललं की अभ्रा सोबत यायचा. धंतोलीच्या डॉक्टरांनी हात टेकले.

मामा कोणाशी बोलले नाहीत. पुढे काय येतं, ते त्यांना ठाऊक होतं.

फोड आले.

मग मालकांनी त्यांना घरी बोलावलं. खोलीत अंधार केला होता. कोणी जवळ बसत नव्हतं, वासामुळे.

"लहानू, ती रोज दुपारी येते. घागर घेऊन. पलंगाभोवती फिरते नुसती. बोलत नाही."

मामा उभेच राहिले.

"तू एवढी वर्षं रिळं दुरुस्त केलीस. फोड आले की काय करता तुम्ही?"

"काही नाही करत, मालक. तेवढा भाग कापून फेकतो."

मधुकररावांनी हात चादरीखाली ओढून घेतले. मग मामांच्या तोंडून निघून गेलं, "एक रीळ उरलं हाये. माझ्यापाशी."

वाटलं होतं, मालक म्हणतील, पाठव पुण्याला. सोडव मला.

मालक कसेबसे उठून बसले.

"जाळ ते. आजच जाळ. त्यातच आहे ती. काहीच उरलं नाही तर येईल कुठून?"

मामा त्या उन्हात चालत घरी आले. भीमामामी दारातच उभी होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"अवो, खाटेखालच्या डब्यात काय हाये?"

"काहून वं?"

"दुपारपासून कोणतरी बाई घरात चालून राहिली. पाय ऐकू येते. पाणी सांडल्यावाणी वाटते, पाहतो तर जमीन कोरडी."

मग तिने मामांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. पदराचं टोक ओलं केलं आणि त्यांचा गाल पुसला. पुन्हा पुसला.

"हे पिवळं काय लागलं तुमाले?"

मामांनी आरसा पाहिला नाही. डबा काढला, ओल्या गोणपाटात गुंडाळला. चुलीजवळ काड्यांची पेटी होती. ती त्यांनी हातात घेतली होती, हे मामीनं स्वतः पाहिलं. क्षणभर उभे राहिले.

"भीमा, मी सोमवारी सोमवारी त्या म्हाताऱ्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "त्याचं रीळ पोचवून येतो."

पेटी ठेवून ते निघाले. असली फिल्म गाडीत न्यायला बंदी होती. पुण्यापर्यंत डबा मांडीवर. वाटेत प्रत्येक स्टेशनवर उतरून ते गोणपाट भिजवायचे. सबंध प्रवासात डबा बर्फासारखा गार होता, असं ते सांगायचे.

पुण्यात संग्रहालयाच्या साहेबांनी डबा उघडला, वास घेतला, रीळ उजेडात धरलं.

"कुणी साफ केलं हे? उत्तम राखलंय. आम्ही नवी प्रत काढू."

मामांनी पोच घेतली. घड्याळात दुपारचे अडीच झाले होते.

परत आले तेव्हा कळलं, मधुकरराव गेले. त्याच दिवशी. दुपारी अडीचला. घरच्यांनी कोणाला तोंड पाहू दिलं नाही. त्यांच्याकडे धुणंभांडी करणारी पार्वतीबाई पुढे मामीला म्हणाली, "पलंगावर काही उरलंच नव्हतं वं. तपकीर सांडल्यावाणी भुकटी. सुपात भरून नेली."

मामांचा डाग वाढला नाही. पण गेलाही नाही. नोकरी त्यांनी सोडली आणि गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात थान मोजायला लागले. सिनेमाचं नाव काढलं की उठून जायचे.

दोन वर्षांनी पुण्याहून पत्र आलं. ते पत्र मी स्वतः वाचलं आहे.

साहेबांनी लिहिलं होतं, नवी प्रत चांगली निघाली. फक्त एक शंका आहे. विहिरीच्या प्रसंगात नायिकेच्या मागे एक इसम उभा आहे. टेरिलीनचा बुशशर्ट, खिशाला पेन, मनगटावर घड्याळ. १९३६ च्या सिनेमात हा पोशाख कसा? त्याच्या डाव्या गालावर फिल्म खराब झाली आहे, तेवढी साफ होत नाही. तो सारखा ओरडून काहीतरी सांगतो आहे. पण घागरीचा आवाज येतो, पाखरांचा येतो... त्याचा येत नाही. हा भाग मागून जोडला आहे काय?

मामांनी ते रीळ सहा महिने चौकट न् चौकट पुसलं होतं.

विहिरीवर दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी उत्तर पाठवलं नाही. १९८६ मध्ये, जेवून दुपारी आडवे झाले आणि झोपेतच गेले. आम्ही पोचलो तेव्हा मामी जमीन पुसत होती. कोरडीच जमीन. पुसतच होती.

ते रीळ पुण्यात आहे. अर्ज केला तर दाखवतात, असं ऐकलं आहे. अर्ज मी दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला.

मामा खोटं बोलले होते. पण रीळही त्यांनीच वाचवलं होतं. यमुताईंनी यातलं काय हिशेबात धरलं असेल?

विहिरीवर आता एकच माणूस उभा आहे की दोन... ते बघायची माझी हिंमत होत नाही.