पातेल्याचा नळ

कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात मी मोजपात्र आणि स्टॉपवॉच घेऊन शिरले, तेव्हा मुख्य आचारी एका भल्यामोठ्या पातेल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"नळांना जाळ्या बसवणाऱ्या त्या तुम्हीच ना?" त्यानं विचारलं. "बसा. पातेलं भरायला अजून सहा मिनिटं आहेत. निवांत भांडता येईल."

मी हसले नाही. इमारतीत एकशे शहाऐंशी नळ होते, आणि प्रत्येकाच्या तोंडाला मी अंगठ्याएवढी जाळी बसवून घेतली होती. जाळीमुळे धारेत हवा मिसळते. पाणी निम्मंच लागतं, हात मात्र तेवढेच भिजतात. एकही नळ मिनिटाला सहा लिटरच्या वर गेला, तर इमारतीला हरित प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. माझ्या एकटीच्या जबाबदारीवरची ही पहिलीच इमारत. ती नापास झाली, की मी पुन्हा दुसऱ्यांचे अहवाल टाइप करत बसणार, असं साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

"जाळी राहणार," मी म्हणाले.

"मग दुपारचं जेवण संध्याकाळी मिळणार!"

दुसऱ्या दिवशी जाळी नळाला नव्हती. धुऊनपुसून ओट्यावर बशीत ठेवलेली होती. मी पाना काढला, पुन्हा बसवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बशीत! मीही हट्टाला पेटले. रोज सकाळी नऊला हजर. पाचव्या दिवशी बशीशेजारी चहाचा कप होता... वाफाळता.

"तुम्हाला दुसरं काम नाही का?" मी फणकारले.

"आहे की. पण हे जास्त आवडायला लागलंय."

भांडी घासणाऱ्या मावशी खुदकन हसल्या. "अगं पोरी, याची पातेली आठलाच भरून होतात. जाळी लगेच परत लावता येते त्याला. पण नाही... दाराकडे बघत बसतो!"

तो कानापर्यंत लाल झाला. मी रागवायला तोंड उघडलं — आणि आठवलं, आज निघताना मी तीनदा आरशात पाहिलं होतं. चहा गपचूप पिऊन टाकला.

तपासणीच्या दिवशी प्रमाणपत्र देणाऱ्या मोठ्या मॅडम आल्या. एकेक नळ मोजत आम्ही शेवटी स्वयंपाकघरात पोहोचलो. मी आधी बशीच शोधली. पण जाळी जागेवर होती! त्यानंच बसवलेली, घट्ट. धार भरली मिनिटाला साडेपाच लिटर.

मॅडमनी पेन उघडलं. माझं लक्ष मात्र त्याच्याकडे गेलं. डोळे तारवटलेले, सदरा घामानं ओला. जाळीतूनच सहा पातेली भरायची म्हणून तो पहाटेच येऊन उभा होता. माझ्यासाठी. आणि मला लाज वाटली. कारण चाळीस लिटरच्या पातेल्याला चाळीस लिटरच लागतात, जाळी असो वा नसो. या नळावर एक थेंबही वाचत नव्हता, नुसता त्याचा वेळ जात होता. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

"मॅडम, थांबा. इथे माझी चूक झालीय."

"पास झालेला नळ स्वतःच नापास करतेस?"

"हा पातेली भरायचा नळ आहे. अशा नळाला सहा लिटरचा नियम लागत नाही, त्याची नोंद वेगळी व्हायला हवी. हात आणि भाज्या धुवायला शेजारी दुसरा नळ हवा, जाळीसकट. आज पाचपर्यंत बसवते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पाचला परत मोजेन. नसेल, तर इमारत नापास."

त्यानं पाइप धरला, मी पाना फिरवला. दोनदा गळती लागली, दोनदा सगळं उघडून पुन्हा केलं. पाचला मॅडमनी मोजलं आणि सही केली.

त्या गेल्या. मावशींनाही अचानक बाहेर काम आठवलं.

"म्हणजे..." तो हात पुसत म्हणाला, "उद्यापासून तुम्हाला इथे यायचं काही कारण नाही."

"नाही," मी म्हणाले. "तरी मी येणार आहे. उद्याही, परवाही. तुम्ही मला आवडता — आणि मी एकदा ठरवलं, की ठरवलं."

त्यानं कोरडे झालेले हात पुन्हा पुसले.

"उद्या हत्यारांची पेटी मात्र आणणार नाही," मीच पुढे म्हणाले.

"मग हात मोकळा असेल तुमचा," तो हळूच म्हणाला... आणि तो हातात घ्यायला उद्यापर्यंत काही थांबला नाही.