एकशे चाळीस ग्रॅम

"मावशी, एवढं तोलून देता?"

मंडईतल्या कुसुममावशींनी काट्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याकडे पाहिलं. "ही काय भाजी हाय व्हय?"

"कोबी असेल," मागून कुणीतरी म्हणालं. "नवीन जात."

मी वळले. खांद्यावर मोडक्या छत्र्यांचा भारा, आणि चेहऱ्यावर हसू... अजिबात नाही. पुण्यातले लोक विनोद करून वर गंभीर राहतात, याचा मला भारी राग येतो.

"चूल आहे. घरी केलेली!"

"ते दिसतंच आहे. भोकं वाकडी पडलीत."

हा प्रज्ञेश. मंडईमागे त्याचं छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करायचं दुकान. चुलीची भोकं नीट करून देतो म्हणाला, आणि करता करता मी त्याला सगळंच सांगून बसले.

बाबा विदर्भातून हडपसरच्या कारखान्यात फिटर म्हणून आले होते. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं पुण्याहून चालत निघणार होतो, विजयादशमीला दीक्षाभूमीवर पोहोचायचं होतं. सातशे किलोमीटर, पस्तीस दिवस. बाबा रिटायर झाले आणि चार महिन्यांत गेले. आता मी एकटी जाणार होते. माझा गुडघा जुना दुखरा. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाठीवर सहा किलोंच्या वर काही नको. आणि दुकानातली हलकी बॅग माझ्या पगारात बसत नव्हती.

"मी शिवतो," प्रज्ञेश म्हणाला. "पण मापाला रोज यावं लागेल."

"पाठ रोज बदलते का?"

"काही सांगता येत नाही."

मी रोज गेले. ऑफिस सुटलं की थेट. सहा मेलेल्या छत्र्यांच्या कापडाचा त्यानं रेनकोट शिवला. एक बाही जांभळी, एक हिरवी. जुन्या फ्लेक्सचा तंबू झाला. बॅगेच्या आत त्यानं एक छोटा कप्पा शिवला, तीन संध्याकाळी घालवून, इतक्या बारीक टाक्यांचा की मी बोट फिरवतच राहिले. तो माझ्याकडे बघत होता. मला ते कळत होतं... आणि आवडतही होतं.

निघायच्या आदल्या दिवशी कुसुममावशींच्या काट्यावर भरलेली बॅग ठेवली. बरोबर सहा किलो. मग मी पर्समधून बाबांचा स्टीलचा पेला काढला. कारखान्यात तीस वर्षं त्यांनी याच पेल्यातून चहा घेतला होता.

एकशे चाळीस ग्रॅम जास्त.

"राहू दे," मी म्हणाले. "प्लॅस्टिकचा कप आहे बॅगेत." आणि मंडईत, भर गर्दीत, मला रडू आलं. बाबांना घेऊन जायचं म्हणून तर निघाले होते मी.

प्रज्ञेशनं काट्यावरून बॅग उचलली. "शिवण पक्की करून सकाळी आणतो," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो उभा होता. डोळे लाल. भुरभुर पाऊस लागला होता. मी बॅग उघडली. लोखंडी बकलं गेली होती, त्या जागी नाड्या होत्या. प्लॅस्टिकचा कपही नव्हता. आणि तो कप्पा... उसवलेला.

"पेला आण," तो म्हणाला. "आता सहा किलोंत बसतो."

"तो कप्पा कशाला उसवलास? इतका सुंदर होता!"

"त्यात चिठ्ठी ठेवणार होतो. तू नागपूरला पोहोचल्यावर वाचावीस म्हणून."

"काय लिहिलं होतंस?"

त्यानं एका नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "तू मला आवडतेस. फार. आणि... परत येशील ना?"

मी घरात जाऊन पेला आणला. निरोप द्यायला माझ्याबरोबर बाहेर आलेल्या आईनं थर्मासमधला चहा त्यात ओतला. अर्धा मी प्यायले, अर्धा त्याला दिला. बाबांच्या पेल्यातून त्यांच्यामागे कुणी चहा घेतला नव्हता. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

मग पेला पुसून मी बॅगेत ठेवला, बॅग पाठीवर घेतली आणि चार पावलं जाऊन थांबले.

"प्रज्ञेश, विजयादशमीला नागपूरला ये. परतीची तिकिटं दोन काढ."