प्रोटॉनचा हरवलेला हिस्सा

प्रिंटरमधून माझी पानं उचलून एक उंच माणूस निघालाच होता.

"अहो, ती माझी आहेत!"

तो थांबला... पण पानं काही सोडेना. वाचतच राहिला. वर तोंड करून म्हणतो, "तुमच्या प्रोटॉनचं वजन शंभरातलं सत्त्याहत्तरच भरतंय. बाकीचं उंदरांनी नेलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शुक्रवारी बेरीज जुळली नाही, तर माझे मार्गदर्शक सर हा विषय माझ्याकडून काढून दुसऱ्याला देणार होते. तीन वर्षांची मेहनत पाण्यात!

हा दुसऱ्या मजल्यावरचा, कणांच्या टकरी टिपणाऱ्या यंत्रावर काम करणारा डिटेक्टरवाला. भांडायलाच त्याला फळ्यापाशी नेलं, आणि भांडता भांडता चूक मलाच दिसली. प्रोटॉनमधल्या क्वार्कांची वजनं, त्यांची धावपळ, त्यांना चिकटवून ठेवणाऱ्या ग्लुऑनांची ऊर्जा, सगळं धरलं होतं. क्वांटमच्या आधीच्या जुन्या समीकरणात एक पद शून्य येतं, ते मात्र मी डोळे झाकून खोडलं होतं.

"जुन्या समीकरणाला लहानमोठं कळत नाही," मी म्हणाले. "सगळं दुप्पट ताणलं तरी तेच. पण क्वांटमची थरथर आली की ही समानता मोडते, आपोआप एक माप ठरतं... आणि त्यातून वजन येतं!"

"मग सोपं आहे. तेवीस उरलेत, तेवीस लिहा."

"उरले म्हणून लिहायचे? मी मोजणार."

"तीन दिवसांत?"

"तीन दिवसांत."

तो गालातल्या गालात हसला. पण दुपारी आपल्या वाट्याचे संगणक गुपचूप मला देऊन गेला. मग रोज येऊन बसू लागला. माझ्या बाहीवरचा खडू झटकताना त्याचा हात जरा जास्तच रेंगाळायचा, आणि मला ते आवडायचं.

"फार हट्टी आहेस तू," तो एकदा म्हणाला.

"तू? कधीपासून?"

"मनात... परवापासून." त्याचे कान लाल झाले.

शुक्रवारी आकडा आला. एकवीस, दोनने इकडेतिकडे.

"बेरीज अठ्ठ्याण्णव. शंभर का नाही?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मोजलंय, सर. जुळवलेलं नाही."

सरांनी पानं चाळून 'दोनने इकडेतिकडे'वर बोट ठेवलं. मग म्हणाले, "विषय तुझाच."

डिटेक्टरवाला फळ्यापाशी थांबला होता. बातमी ऐकून खुलला, मग फळ्यावरच्या आकड्यांकडे पाहत म्हणाला, "आता भांडायला काही निमित्त नाही..."

मी खडू उचलला. माझं ठरलं होतं.

"मला आवडतोस तू. निमित्त नसलं तरी रोज यायचं."

 त्यानं माझा हात घट्ट धरला, खडूसकट.