तीन नंबर फलाटावरची ओल

जवळ सरका पोरांनो. लाइट कधी येईल सांगता येत नाही आणि गच्चीवर वाऱ्याचा पत्ता नाही. तोवर योगराजनानांचं ऐका. माझ्या ओळखीतले. नगररचनेचं मोठं शिक्षण घेतलेले, पण घराला कुलूप लावलं की कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघणारे.

गेल्या वर्षीच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची रात्र. नानांची लेक मेघा पुण्याहून सणाला येत होती, पण गाडी रखडली. सण दिवसा झाला आणि लेक यायची रात्री. नाना तिला आणायला स्टँडवर गेले. तृतीयेची कोर कधीच मावळली होती.

आपला हा नवा स्टँड नानांच्याच आराखड्यातला. खाली फलाट, वर दुकानं, भोवती रुंद रस्ते. गाव खूश होतं. नाना मात्र तीन नंबरच्या फलाटाकडे बघायचं टाळायचे.

तिथे पूर्वी लिंबाखाली ताईबाईची पाणपोई होती. दोन रांजण, पाणी काढायला एक लांब दांड्याचं ओगराळं. नवरा गेल्यापासून ती आल्यागेल्याला पाणी पाजायची. पोटी कुणी नव्हतं.

नानांनी मोजणीसाठी नेमका आखाजीचा दिवस निवडला होता. दुपारी गाव पुरणपोळी खाऊन झोपतं, टेप सरळ ताणता येतो. पण आखाजीला आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात. ताईबाई रांजण पालथे घालून नवऱ्याची घागर भरायला घरी गेली होती. नकाशावर लिंबाखाली लिहिलं गेलं : रिकामी जागा.

पुढे तिला कळलं. नानांकडे आली.

"भाऊ, त्या दिन आखाजी व्हती. मी घर गयथू. माले कागदवर दखाडा ना."

"बघू अक्का," नाना म्हणाले.

बघितलं नाही. तेवढ्यासाठी आराखडा पुन्हा वरून मंजूर करून आणावा लागला असता. लिंब गेला, रांजण गेले. ताईबाई फाटकापाशी उन्हात माठ घेऊन बसायची, तिथूनही उठवली. पुढच्या आखाजीच्या आधीच ती गेली.

"आबा, म्हणजे भूत तिचंच?"

स्वप्नील, मधे बोलू नको.

तर त्या रात्री नानांना तहान लागली. स्टँडवरचा कूलर कोरडा. दुकानं बंद. मेघाची गाडी तीन नंबरला लागणार होती, म्हणून नाइलाजाने नाना तिथे जाऊन उभे राहिले.

मागे रांजणात ओगराळं बुडाल्याचा आवाज आला.

नाना वळले नाहीत.

"ओंजळ करा, भाऊ."

सवयीने हात पुढे झाले. धार पडली. गार. मातीचा वास. वाळ्याचा वास. नाना प्यायले. पोट भरलं. पुरे म्हणून मान हलवली…

धार थांबेना.

हात मागे घ्यावेत, तर हात हलेनात. पाणी मनगटावरून, कोपरावरून… खाली पडल्याचा आवाज मात्र नाही.

"भाऊ…"

…

"मनी घागर कोन भरी?"

नानांच्या ओठावर आलं, 'बघू'. तोच शब्द. नानांनी तो गिळला.

धार चालूच.

"मी," नाना म्हणाले. "तुमची घागर मी भरीन अक्का."

थांबली.

समोर गाडीचे दिवे. मेघा उतरली. "बाबा, असे काय उभे आहात? ओंजळ कशाला धरलीय?"

नानांनी हात पाहिले. कोरडे. बाह्या कोरड्या. फरशी कोरडी.

सकाळी मेघाने पाहिलं तर नाना दारात, हातात नवी घागर आणि डांगर. "बाबा, सण काल झाला ना?" नाना निघाले. स्टँडवर जाऊन त्यांनी घागर भरली, तीन नंबरला ठेवली, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने ताईबाईचं नाव घेतलं. रखवालदार भाईदास धावत आला.

"नाना, घागर उचला हो. नकाशात आठे, या फलाटवर काही नही. साहेब माले बोलतीन."

नानांनी घागरीला हात लावला नाही. नकाशा त्यांचाच.

भाईदासने स्वतःच घागर उचलून कडेला ठेवली. खाली फरशीवर बुडाचं गोल ओलं उमटलं होतं.

वैशाखात आपल्याकडे धुतलेलं धोतर दोरीवर टाकेपर्यंत वाळतं. ते गोल संध्याकाळी तसंच. दुसऱ्या दिवशीही. भाईदासने फडका मारून पाहिला. मग फरशी बदलली. पाइप फुटलाय म्हणून खालची माती उकरली. माती खडखडीत.

नव्या फरशीवर तिसऱ्या दिवशी गोल आलं.

ते अजून ओलंच आहे, अशी मी शपथ घेणार नाही. वयामुळे नजरही दगा देते. पण स्वप्नील, उद्या तुझी चोपड्याची गाडी तीन नंबरलाच लागते ना?

वाकून बोट लावून बघ… आणि मला फोन कर.