बुरुजावरचे स्वच्छ मोजे

"मॅडम, म्हातारी सापडली. वरच्या बुरुजावर. पण तुम्ही लवकर या."

पहारेकऱ्याच्या फोनमधला तो 'पण' फौजदार बाईंना खटकला. बुरुजावर पोचेपर्यंत वाळू तापायला लागली होती. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. ओठ फुटलेले, डोळे उघडे. बाईंनी नोकरीत पुष्कळ मढी पाहिली होती, तरी त्यांनी आधी ते डोळे मिटवले आणि मग कामाला लागल्या.

म्हातारीच्या पायांत पांढरे कापडी मोजे होते. किल्ल्यातल्या महालाची फरशी आरशासारखी आहे. तिच्यावर ओरखडे उठू नयेत म्हणून प्रत्येकाने चपलांवरून हे मोजे चढवायचे आणि दाराबाहेर पडताना टोपलीत टाकायचे, असा तिथला नियम.

बाईंनी वाकून तळवे पाहिले. बुरुजाचा जिना ढासळलेला, पायऱ्यांवर घोट्याएवढी वाळू आणि काटे. आणि मोजे? घडी मोडल्यासारखे स्वच्छ. रात्रीच्या वाऱ्याने वाळूतली पावलं पुसून टाकली होती, पण मोज्यांनी सांगायचं ते सांगितलं.

"ही चालत आलेली नाही," बाई म्हणाल्या. "हिला कोणीतरी उचलून आणलंय."

डॉक्टरांनी अंगावर मारहाणीची खूण नसल्याचं सांगितलं. ऊन आणि तहान. संध्याकाळच्या सुमारास जीव गेला होता.

गावोगावचे किल्ले आणि महाल बघत निघालेल्या त्या गाडीत चौघं होती. म्हातारी, तिचा मुलगा, तिची मुलगी आणि ड्रायव्हर. उरलेल्या तिघांना बाईंनी किल्ल्याच्या कचेरीत बसवलं.

मुलगा पन्नाशीचा. शर्टावरून कमरेला कंबरदुखीचा रुंद पट्टा आवळलेला.

"काल काय झालं?"

"महालाच्या आतल्या अंगणात आईला बाकावर बसवलं. मी शस्त्रं बघायला गेलो, बहीण पाणी आणायला. परत येऊन बघतो तर बाकावर नुसती काठी."

"शोधलंत कुठे?"

"बाजारात. आईसारखीच एक म्हातारी गेटातून बाहेर जाताना दिसली होती मला. रात्रीपर्यंत सापडली नाही, म्हणून ठाण्यावर आलो."

"तिला उचलून कोण नेऊ शकतं?"

"मी तर नाही. मला पाण्याची बादली उचलवत नाही. गाडीतून तिला उचलून काढायचं काम ड्रायव्हरचं. त्याला विचारा की."

ड्रायव्हर हात जोडून उभा राहिला. "सकाळी उतरवलं, मॅडम. दोन्ही हातांवर घ्यायचो, तान्ह्या पोरासारखं. त्या हसायच्या. नंतर मी पार्किंगमध्येच झोपलो होतो."

"कोणी पाहिलं?"

"झोपलेल्याला कोण बघतंय?"

मुलीने प्रश्नाची वाट पाहिलीच नाही.

"आई माझ्यावर रागावून गेली ना? एवढंच सांगा."

"का रागावेल?"

"परवा हॉटेलात दादा म्हणाला, इतकी वर्षं मी सांभाळली, आता तू ने. मी म्हटलं, मला नाही जमणार. भिंतीपलीकडे आई जागी होती." तिने पदर तोंडाला लावला. "काल सकाळी काही बोलली नाही. मी गुडघ्यांना मलम चोळत होते, तर नुसती डोक्यावरून हात फिरवत राहिली. मलमाचा पिवळा डाग कपड्यातून फुटतो, म्हणून दादा ओरडलासुद्धा."

तेवढ्यात पहारेकरी दारातून म्हणाला, "काल वरून हाका येत होत्या, मॅडम. 'छकुली, छकुली.' वाटलं, कुणाची तरी नात लपून बसलीय. इथे पोरं लपतातच. मी गेलो नाही."

मुलगी पांढरीफटक पडली. "छकुली म्हणजे मी. आई मला अजून तेच म्हणते."

"बघा!" मुलगा ताडकन उठला. "हाका हिलाच मारत होती. म्हणजे हिनेच नेलं आणि सोडून आली. चोराच्या उलट्या बोंबा!"

चांगलाच ताडकन उठला. कमरेला हात न लावता. बाईंनी ते पाहिलं आणि शांतपणे शिपायाला सांगितलं, "हॉटेलातून तिघांचे कालचे कपडे आण."

कपडे टेबलावर पसरले गेले.

"ड्रायव्हरच्या एका बाहीवर मलम आहे," बाई म्हणाल्या. "हातांवर घेतलं की गुडघे बाहीवर येतात. सकाळचं आहे, ठीक. मुलीच्या पदराच्या टोकाला बोटं पुसलेली. आता हा तुमचा शर्ट."

शर्टाच्या दोन्ही कुशींवर, कमरेच्या उंचीला, पिवळे डाग होते.

"मी पण तेच मलम लावतो. कमरेला."

"मग ते मागे लागेल. कुशींवर डाग कशाचे? पाठुंगळी घेतलेल्या माणसाचे गुडघे तिथे दाबले जातात. शिवाय तुम्ही पट्टा शर्टावरून बांधता. काल बांधलेला असता तर डाग पट्ट्यावर पडले असते. पट्टा काढून जिना चढलात. कंबर धडधाकट आहे तुमची, आत्ता उठलात तशी."

तो पुन्हा खुर्चीत बसला.

"बहीण पाण्याला गेली आणि तुम्ही आईपुढे पाठ वाकवलीत. पाठीवर बसणाऱ्याला काठी लागत नाही, म्हणून ती बाकावर राहिली. मोजे काढायचं भान तुम्हाला राहिलं नाही, कारण मागच्या दाराने गेलात. टोपली पुढच्या दाराला. मग गेटातून बाहेर पडणारी खोटी म्हातारी दाखवून सगळ्यांना बाजारात पिटाळलंत. जन्मदात्या आईला उन्हात वाळत घातलंत." बाई मुलीकडे वळल्या. "ती रागावून गेली नव्हती. लेकाने पाठुंगळी घेतलं म्हणून आनंदाने गेली असेल."

मुलीने पहिल्यांदा मोठा श्वास घेतला.

"मी मारलं नाही," मुलगा म्हणाला. आवाजात लाज नव्हती, नुसता कंटाळा होता. "फक्त बसवलं. तिची लघवी, तिचा खोकला, रात्ररात्र तिच्या हाका. ही फोनवर विचारणार, आई बरी आहे ना? मी पण माणूस आहे."

"बसवताना तिला काय सांगितलंत?"

"सांगितलं, इथून हलू नकोस, छकुली येतेय तुला न्यायला. आता पाळी हिचीच होती ना?"

शिपायाने बेड्या काढल्या, त्याच्या मनगटांत घातल्या आणि त्याला बाहेर नेलं. जाताना त्याने बहिणीकडे पाहिलंही नाही.

मुलगी उठून पहारेकऱ्यासमोर उभी राहिली.

"किती वेळ मारत होती हाका?"

पहारेकऱ्याने फौजदार बाईंकडे पाहिलं. बाईंनी हलकेच मान हलवली, सांगू नकोस म्हणून. पण तो साधा माणूस, त्याला मॅडमनी सांग म्हटल्यासारखंच वाटलं.

"गेट बंद करेपर्यंत, ताई," तो म्हणाला. "मग मी घरी गेलो."