चिऊचा श्वास कुणी कोंडला?

"चिऊ विकायची? आजच?" अहल्या किंचाळलीच!

"संध्याकाळी फत्तेसिंग येतोय न्यायला," तिचे वडील, अण्णा, मान खाली घालून म्हणाले. "दसऱ्यापासून नुसती पेट्रोल ढोसतेय. इंजिन म्हातारं झालं, असं विश्वेश्वर म्हणतो."

विश्वेश्वरकाका म्हणजे अण्णांचे मित्र. त्यांनी बॉनेट न उघडताच निकाल दिला होता!

चिऊ ही अण्णांची जुनी, इवलीशी मोटार. चिमणीच्या चोचीत मावेल एवढ्या पेट्रोलवर ती नंदीचा डोंगर चढून परत यायची! बड्या बड्या मोटारी पंपापुढे रांग लावत, आणि ही आपली टुकटुकत पुढे! अशी गुणी गाडी अख्ख्या मल्लेश्वरम भागात नव्हती.

अहल्या, तिचा भाऊ हयवदन आणि शेजारचा उपेंद्र अंगणात जमले. उपेंद्र पुण्याहून नुकताच इथे राहायला आला होता.

"पेट्रोल चोरीला जातंय, पैज लावतो!" उपेंद्र म्हणाला.

"गप रे! रात्री टाकीत पट्टी बुडवून पाहिली मी. सकाळी पेट्रोल तेवढंच!" हयवदन म्हणाला. "चालवली की संपतं. आणि काळा धूर सोडते!"

"काळा धूर?" अहल्या थबकली. "थंडीत गाडी सुरू करायला अण्णा चोकची खुंटी बाहेर ओढतात, तेव्हाच येतो ना तो?"

तिघंही गाडीत घुसली. चोकच्या खुंटीवर दसऱ्याच्या आयुधपूजेचा शेवंतीचा हार लोंबत होता. अहल्यानं खुंटी आत ढकलली. जाईचना! हाराचा दोरा दांडीभोवती गच्च गुंडाळलेला!

"तोडून टाक!" उपेंद्र म्हणाला.

"वेडा की काय! पूजेचा हार आपण नाही तोडत. आत्यानं बांधलाय, तीच सोडेल!"

हयवदन अनुसूयाआत्याला हाताला धरून घेऊन आला.

"आत्या, चोक ओढलेला राहिला की इंजिनाला हवा कमी मिळते आणि ते पेट्रोल जास्त पितं. तुझ्या हारानं चिऊचा श्वास कोंडलाय!" अहल्या म्हणाली.

"अय्यो देवा! हौसेनं पूजा केली आणि गळाच आवळला की गं तिचा!" आत्या कळवळली. "स्वल्प थांबा, जराच!" तिनं नमस्कार करून दोरा सोडला आणि हार आरशाला अडकवला. खुंटी खट्‌कन आत गेली!

तेवढ्यात विश्वेश्वरकाका फत्तेसिंगना घेऊन हजर!

"अण्णा, एकच फेरी! आम्हां सगळ्यांना घेऊन!" अहल्यानं गळ घातली.

हयवदननं टाकीत पट्टी बुडवून खूण केली आणि सगळे कसेबसे दाटीवाटीनं बसले. चिऊ सँकी तळ्याला वळसा घालून यशवंतपूरपर्यंत गेली आणि चढावरही न कुरकुरता परतली. धुराचा मागमूस नाही! अण्णांनी घाईघाईनं टाकीत पट्टी बुडवली. पेट्रोल जेमतेम नखभर उतरलं होतं!

"अरे, मी रोज खुंटी दाबत होतो. अडली की पूर्ण आत गेली असं समजलो!" अण्णांनी कपाळावर हात मारला. त्यांचे डोळे भरून आले.

विश्वेश्वरकाका ओशाळून म्हणाले, "सरी, बरोबर आहे तुमचं, पोरांनो! मी तोंड उघडलं, तुम्ही डोळे उघडे ठेवलेत. शाब्बास!"

"वा! आता तर ही गाडी मला हवीच!" फत्तेसिंग म्हणाले.

"आता?" अण्णांनी चिऊच्या टपावर हात ठेवला. "मुळीच मिळायची नाही!"

"मग ही तीन पोरं तरी द्या!"

"तीही नाहीत!" अण्णा गरजले.